एका तारेचे दोन धनी

दिवाणी दाव्यात वादी खरा असतो, नाही तर प्रतिवादी. निदान तसे मानूनच न्यायाधीशाला निकाल द्यावा लागतो. ज्या तंट्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत त्यात मात्र दोन्ही पक्ष खरे होते, दोघांचे कागद चोख होते, आणि तरीही दोघे एका घरात नांदू शकत नव्हते. १९८१ पासून पुढे सुमारे वीस वर्षे घरांतून, कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून जे व्यक्तिगत संगणक येऊन बसले, त्यांच्या पोटातला हा तंटा. कारागिरांच्या बोलीत त्याला 'आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट' म्हणत. माउस हलवला की मोडेमवरचा संपर्क तुटे. एक कार्ड बसवले की शेजारचे मुके होई. खेळातले संगीत वाजे, पण बंदुकीचा बार घशात अडकावा तसा अडके. ज्यांनी ती यंत्रे वापरली त्यांना हे दुखणे आठवत असेल. ते कोठून आले, कोणी बरे केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज पाहावयाचे आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. भाग उत्तम होते, कारागीर शहाणे होते. उणीव होती ती नंबर वाटून देणाऱ्याची. जागा सर्वांना मोकळी ठेवली गेली, पण दप्तर कोणीच ठेवले नाही, आणि ते ठेवण्याचे काम शेवटी गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडले.

प्रथम ह्या 'इंटरप्ट'चा, म्हणजे व्यत्ययाचा, अर्थ समजून घेऊ. त्या काळच्या संगणकाचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करीत असे. कळफलकावर कळ दाबली गेली, टेलिफोनच्या तारेवरून एखादे अक्षर आले, तबकडीवरून मागवलेला मजकूर हाती आला, ह्या वार्ता त्याला कळाव्यात कशा? एक मार्ग असा, की त्याने दर थोड्या वेळाने उठून प्रत्येकाच्या दारी जावे आणि 'काही आहे का?' म्हणून विचारावे. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येते आणि हेलपाटा फुकट जातो. दुसरा मार्ग घंटेचा. मोठ्या बंगल्यांतून पूर्वी स्वयंपाकघराबाहेर घंटांची पाटी असे. कोणत्या खोलीतून बटण दाबले त्याचा आकडा पाटीवर दिसे, आणि गडी हातातले काम खाली ठेवून त्या खोलीकडे जाई. व्यत्यय म्हणजे ही घंटा. गड्याने मात्र एक पथ्य पाळावयाचे असते: काम कोठवर आले होते त्याची खूण ठेवून जावयाचे, आणि परत येऊन नेमके तेथूनच पुढे चालू करावयाचे.

ही कल्पना १९५० च्या दशकातली. बाहेरच्या साधनांना अशी घंटा देणाऱ्या पहिल्या यंत्रांत अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डायसिॲक ह्या १९५४ च्या यंत्राचे नाव घेतले जाते. परंतु तिच्यातली मेख ज्यांनी फार लवकर ओळखली त्यांत हॉलंडच्या डाइक्स्ट्राचे नाव घेतले पाहिजे. १९५७-५८ च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये एक्स-१ ह्या यंत्राची आखणी चालू होती. लोपस्ट्रा आणि स्कोल्टेन ह्या त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्राला घंटा बसवावयाचे योजले तेव्हा ते ऐकून आपण घाबरलो होतो, असे डाइक्स्ट्राने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. भीतीचे कारण पोक्त होते. घंटा केव्हा वाजेल हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती नसते. त्यामुळे एखादी चूक विशिष्ट क्षणी घंटा वाजली तरच प्रकट होणार, आणि तो क्षण पुन्हा हुकमी आणता येणार नाही. जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती शोधावयाची कशी? अखेर त्याने ते काम अंगावर घेतले. १९५९ चा त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध त्यातूनच निघाला. पण ती भीती खोटी नव्हती. तीस-पस्तीस वर्षांनी मुंबई-पुण्याच्या घरांतून 'कालपर्यंत चालत होते, आज बंद का पडते?' म्हणून जे कोडे पडू लागले, ते ह्याच जातीचे होते.

आता अमेरिकेत फ्लॉरिडातल्या बोका रॅटन ह्या गावी जाऊ. १९८० साली आयबीएम कंपनीने तेथल्या एका लहानशा तुकडीला वर्षभरात स्वस्त, लहान संगणक बाजारात आणावयास सांगितले. तुकडीचा प्रमुख डॉन एस्ट्रिज. वेळ थोडा, म्हणून त्यांनी भाग स्वतः घडवीत न बसता बाजारात तयार मिळणारे घेतले: इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, आणि घंटांची पाटी म्हणून इंटेलचीच ८२५९-ए ही चिप. १२ ऑगस्ट १९८१ रोजी यंत्र जाहीर झाले. सर्वांत साध्या रूपात त्याची किंमत १,५६५ डॉलर होती, आणि आत जादा कार्डे खोचण्यासाठी पाच स्लॉट होते.

त्या पाटीवर आठ घंटा होत्या, ० ते ७. शून्यावर यंत्रातले घड्याळ, जे सेकंदाला सुमारे १८ वेळा घंटा देई, एकवर कळफलक. ह्या दोन घंटा मदरबोर्डावरच खर्ची पडल्या. उरलेल्या सहा तारा सर्व स्लॉटांना सारख्याच जोडून दिल्या. दोन राखीव, तीन आणि चार सीरियल पोर्टांना, पाच पुढे १९८३ च्या एक्सटी यंत्रात हार्ड डिस्कला, सहा फ्लॉपीला, सात छपाईयंत्राला. आठच का, असे आज कोणीही विचारील. चिपची तेवढीच ताकद होती, असे मात्र नव्हे. एका ८२५९-ए खाली तशाच आणखी आठ चिपा जोडून ६४ घंटांपर्यंत जाण्याची सोय इंटेलने ठेवलेली होती. पाच स्लॉटांच्या यंत्राला आठ पुष्कळ झाल्या, असा हिशेब असावा. १९८१ साली तो चुकीचा होता असे म्हणणे धाडसाचे होईल.

खरी गोम संख्येत नव्हती, घंटा वाजण्याच्या रीतीत होती. ती थोडी बारकाईने पाहिली पाहिजे, कारण पुढचा सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे. घंटा दोन प्रकारची करता येते. एका प्रकारात बटण दाबलेले आहे तोवर घंटा वाजत राहते. गडी आला, एकाचे काम करून गेला, तरी दुसऱ्याचे बोट बटणावर असेल तर वाजतेच आहे, म्हणून तो पुन्हा येतो. ह्या रीतीत एका घंटेवर दोघे-तिघे सुखाने राहू शकतात. दुसऱ्या प्रकारात बटण दाबले जाते त्या क्षणी एकच टोला पडतो. मग ते दाबून धरले तरी आवाज नाही. पहिल्याने बटण दाबून धरले असता दुसऱ्याने त्याच तारेवर दाबले, तर नवा टोला पडतच नाही. दुसऱ्याची हाक हवेत विरते. ८२५९-ए ला दोन्ही रीती येत होत्या. आयबीएमने दुसरी, टोल्याची, निवडली. शिवाय विजेच्या दृष्टीनेही वाटणी अशक्य होती. प्रत्येक कार्ड आपली तार नुसती वर ढकलीत नसे, एरवी ती खाली दाबूनही धरीत असे. तेव्हा एका तारेवर दोन कार्डे आली, की एक वर ढकलतो आहे आणि दुसरा खाली ओढतो आहे, अशी रस्सीखेच. एका तारेला धनी एकच, हा नियम असा चिपेच्या सोयीतून कायम झाला.

नियम कडक असला तरी चालतो, जर कोणी दप्तर ठेवीत असेल तर. येथेच आयबीएमने ते केले ज्याने तिला यशही मिळाले आणि पुढचा घोळही झाला. तिने ह्या यंत्राचे तांत्रिक पुस्तक छापून विकले. त्यात मंडलांचे नकाशे होते, मूळ आज्ञावलीचा मजकूर होता. कोणीही पुस्तक घ्यावे, कार्ड बनवावे, स्लॉटात खोचावे. परवाना नाही, नोंदणी नाही. थोड्याच काळात कार्डे बनवणाऱ्यांचा एक नवा धंदा उभा राहिला. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकने संपूर्ण यंत्राचीच जोडी जाहीर केली, आणि मग नकलांचा पूर लोटला.

ह्या मोकळिकीला आम्ही नावे ठेवणार नाही. तिचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक ह्या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने बाजारात आणले. हे कार्ड साध्या पीसीच्या स्लॉटात बसवले, की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. पडद्यावर मराठी यावी म्हणून बोका रॅटनमध्ये कोणी जागरण केले नसते. स्लॉट उघडा होता म्हणून कानपूर-पुण्याकडच्या लोकांना ते करता आले. तेव्हा उघड्या स्लॉटाला दोष देताना हेही ध्यानात ठेवावे.

परंतु दप्तर नव्हते ते नव्हतेच. सर्व्हे नंबर पडण्यापूर्वी गावात जशी ज्याची वहिवाट त्याची जमीन, तसा प्रकार झाला. जो आधी आला त्याने बरी जागा धरली; मागाहून आलेल्याने जी मोकळी दिसली ती धरली; आणि दोघा-तिघांना एकच जागा मोकळी दिसली.

१९८४ च्या ऑगस्टात आयबीएमने एटी नावाचे मोठे यंत्र काढले आणि त्यात दुसरी ८२५९-ए बसवली. आता घंटा १५ झाल्या. पंधराच, सोळा नव्हेत, कारण दुसऱ्या पाटीची तार पहिल्या पाटीच्या दोन नंबरात घुसवली होती. त्या नंबरावर जुनी कार्डे असतील त्यांची तार नऊकडे वळवून दिली. आठवर कायमचे घड्याळ, तेरावर गणिती सहप्रोसेसर, चौदावर हार्ड डिस्क. कागदावर पाहता टंचाई संपली. प्रत्यक्षात दहाच्या पुढच्या तारा स्लॉटाच्या वाढवलेल्या भागातच होत्या. जुन्या धर्तीचे आखूड आठ-बिटी कार्ड तेथवर पोचतच नसे, आणि स्वस्त मोडेम, स्वस्त पोर्टकार्डे, सुरुवातीची आवाजाची कार्डे ह्याच जातीची. म्हणजे गावाबाहेर नवी वसाहत झाली, पण गरिबांना तिकडे जाण्याचा रस्ता नाही. ते सारे जुन्या गल्लीतच, तीन, चार, पाच आणि सात ह्या चार घरांत, दाटी करून राहिले.

ती दाटी कशी होती पाहा. कॉम-१ आणि कॉम-३ ह्या दोन सीरियल पोर्टांना चार नंबरची घंटा. कॉम-२ आणि कॉम-४ ना तीनची. नावे चार, घंटा दोन. माउस कॉम-१ वर आणि आतला मोडेम कॉम-३ वर असला, की दोघे वेगवेगळे चालत, बरोबर चालत नसत. नॉव्हेलच्या एनई-२००० ह्या फार खपलेल्या नेटवर्क कार्डाचा नंबर कारखान्यातून येताना तीन असे, म्हणजे कॉम-२ शी गाठ. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ साली आले, त्याचा मूळ नंबर सात, म्हणजे छपाईयंत्राशी गाठ. येथे एक गंमत आहे. डॉसच्या राज्यात छपाईयंत्राची घंटा कोणी ऐकतच नसे. प्रोसेसर स्वतः जाऊन विचारी. सात नंबर छपाईच्या नावावर होता खरा, पण मालक गैरहजर. म्हणून साउंड ब्लास्टर त्या जागेत वर्षानुवर्षे बिनबोभाट राहिले. मग ओएस/टू सारखी प्रणाली आली, जिच्या पहिल्या आवृत्त्या छपाईची घंटा खरोखरच वापरीत, आणि गैरहजर मालक एके दिवशी दारात येऊन उभा राहिला. पुढे क्रिएटिव्हने पाच हा नंबर पसंत केला. एटीमध्ये हार्ड डिस्क चौदावर गेल्याने पाच नंबर दुसऱ्या छपाईयंत्राच्या नावाने रिकामाच पडे. म्हणून हळूहळू सगळेच पाचवर आले.

आता ह्या तंट्याचा शोध कसा घेत ते सांगतो. चांगल्या कारागिराची ती परीक्षाच होती. दुकानात कार्ड तपासले तर उत्तम चाले, कारण दुकानातल्या यंत्रात त्याचा भाऊबंद नसे. घरी आणले की बिघडे. गिऱ्हाईक म्हणे दुकानदाराने गळ्यात मारले, दुकानदार म्हणे गिऱ्हाइकाने बिघडवले, दोघेही प्रामाणिक. भाग बदलून पाहण्याची नेहमीची रीत येथे फसे, कारण बिघाड कोणत्याच भागात नसे, दोन भागांच्या संबंधात असे. तेव्हा जाणता कारागीर आधी स्क्रूड्रायव्हर हाती न घेता प्रश्न विचारी: हे केव्हा बंद पडते? दुसरे काय चालू असताना? एक वापरले नाही तर दुसरे नीट चालते का? ह्या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आले, की अर्धा तपास झाला.

लक्षणेही बोलकी असत. साउंड ब्लास्टरमध्ये संगीताची चिप वेगळी आणि मुद्रित ध्वनीचा भाग वेगळा. संगीताच्या चिपेला घंटा लागत नसे. मुद्रित ध्वनीला लागे, कारण एक तुकडा वाजवून संपला की 'पुढचा द्या' म्हणून कार्ड घंटा देई. ती घंटा पोचली नाही, तर पहिलाच तुकडा वाजून थांबे किंवा तोच तोच पुन्हा वाजत राही. संगीत ठीक आणि बोलणे अडखळते, एवढे ऐकूनच कारागीर म्हणे, 'कार्ड ठीक आहे, नंबर पाहा.'

मग कागद. शून्य ते पंधरा आकडे एकाखाली एक लिहावयाचे आणि पुढे मालकाचे नाव. विंडोज ३.१ च्या काळात मायक्रोसॉफ्टचा एमएसडी नावाचा एक तपासनीस प्रोग्राम मिळे. तो अशी यादी पडद्यावर दाखवी. पण त्याची साक्ष ऐकीव असे. जुन्या स्लॉटातले कार्ड स्वतः होऊन आपले नाव-गाव सांगूच शकत नसे. प्रोग्रामने अंदाजाने दार ठोठावून पाहावयाचे. गप्प बसलेले कार्ड त्याला रिकामे घर वाटे. म्हणून कार्डे हाताने मोजण्याला पर्याय नव्हता. वीज बंद करून पेटी उघडावयाची, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पत्र्याला हात लावावयाचा, पडदा आणि डिस्क एवढ्यांची कार्डे ठेवून बाकी सर्व काढावयाची, आणि मग एकेक परत बसवून प्रत्येक वेळी नव्याबरोबर जुन्यांनाही चालवून पाहावयाचे. ज्या कार्डापाशी दुखणे परत येई, ते कार्ड आणि आधीच्यांपैकी कोणी एक, असे भांडण. नंबर बदलावयाचा तो जंपरने. दोन बारीक खिळ्यांवर बसणारे हरभऱ्याएवढे प्लॅस्टिकचे टोपण, आत पत्र्याची पट्टी. ते सातवरून काढून पाचवर घालावयाचे. उरलेले टोपण हरवू नये म्हणून एकाच खिळ्यावर लटकावून ठेवण्याची कारागिरांची सवय होती. खिळ्यांशेजारी आकडे छापलेले असले तर ठीक. नसले आणि कार्डाबरोबरचे पुस्तक हरवले असले, तर तो दिवस गेला म्हणून समजावे.

एवढे करूनही काम संपत नसे. कार्डाचा नंबर बदलला तरी आज्ञावलीला तो कळला पाहिजे. साउंड ब्लास्टरसाठी ऑटोएक्झेक ह्या फाइलीत एक ओळ लिहावी लागे, पत्ता २२०, घंटा ५, वाहिनी १, अशा अर्थाची. खिळ्यांवर पाच आणि ओळीत सात, असे राहिले तर भांडण मुळीच नसताना लक्षणे हुबेहूब भांडणाची. ह्या तोतया तंट्याने पुष्कळांना दिवसचे दिवस फिरवले आहे. शिवाय ८२५९-ए चा एक स्वभाव असा, की एखादी घंटा वाजून गडी पोचण्यापूर्वीच विरली, तर ती कोणाची हे न कळून चिप तिला सातच्या खात्यावर टाकी. सात नंबरचा धनी निर्दोष असताही त्याच्या दारी अशा चुकार हाका येत. आणि सर्वांत उपयोगी उपाय तेवढाच साधा असे: जो पोर्ट कोणी वापरीत नाही तो बंद करावयाचा. कॉम-२ वर काही जोडलेलेच नाही ना? मग त्याचा जंपर काढा, तीन नंबर मोकळा झाला. पुष्कळ घरांतला तंटा एका बेवारस पोर्टाला निवृत्त केल्याने मिटलेला आहे.

हे सारे करीत कोण होते? अमेरिकेत ते हौशी लोक आणि कचेऱ्यांतले तंत्रज्ञ करीत. आपल्याकडे, १९९० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून निरनिराळ्या कारखान्यांचे भाग घेऊन यंत्र जुळवून देणारी जी तरुण मंडळी होती, त्यांच्यावर ते पडले. एका छापाच्या यंत्रात निदान कारखान्याने एकदा मेळ घातलेला असतो. जुळवलेल्या यंत्रात तो मेळ प्रत्येक वेळी नव्याने घालावा लागे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा घरच्या यंत्रांत मोडेम आले, आणि कॉम-३ व माउस ह्यांचे जुने भांडण आपल्याकडे नव्याने लागले. यंत्र स्वस्त पडले हे खरे. पण त्या स्वस्ताईचा एक भाग कोणाच्या तरी संध्याकाळी खर्चून भरून निघाला. बिलात तो दिसला नाही इतकेच.

दप्तर ठेवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २ एप्रिल १९८७ रोजी आयबीएमने पीएस/२ ही यंत्रे आणि त्यांबरोबर मायक्रो चॅनेल नावाचा नवा स्लॉट जाहीर केला. तांत्रिक दृष्ट्या तो आदर्शच म्हणावा. घंटा दाबून धरण्याच्या रीतीची, म्हणून एका तारेवर अनेकांना राहता येई. प्रत्येक कार्डाला ओळखीचा क्रमांक, जंपर एकही नाही, आणि वाटणी एका फ्लॉपीवरच्या प्रोग्रामने करावयाची. म्हणजे सर्व्हे झाला, नंबर पडले, उतारा मिळाला. परंतु जुनी कार्डे त्यात बसत नव्हती, आणि इतरांना हा स्लॉट वापरावयाचा तर आयबीएमला शुल्क देऊन. उत्पादकांनी ते मानले नाही. कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी १९८८ च्या सप्टेंबरात ईआयएसए हा आपला निराळा स्लॉट जाहीर केला. त्यात जुनी कार्डे चालत. तो महाग पडला आणि मोठ्या यंत्रांपुरता राहिला. सामान्य गिऱ्हाईक जुन्याच स्लॉटाला चिकटून राहिले. लोकांनी शिस्तीपेक्षा गोंधळ का पसंत केला, असा प्रश्न येथे पडतो. आमच्या मते त्यांनी गोंधळ पसंत केला नाही, त्यांनी एका दारवानाला नकार दिला. दप्तर हवे होते. पण ते एकाच कंपनीच्या ताब्यात, वर खंडणी देऊन, नको होते. त्या नकाराची किंमत म्हणून पुढे सात-आठ वर्षे जंपर हलवीत बसावे लागले.

एस्ट्रिजला हे काही पाहता आले नाही. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे झालेल्या विमान अपघातात त्याचा अंत झाला.

सुटका दोन बाजूंनी आली. इंटेलने १९९२ साली पीसीआय हा स्लॉट मांडला. त्यात दाबून धरण्याची घंटा, वाटून घेता येणारी तार, आणि विचारले असता आपले नाव सांगणारे कार्ड, अशी मायक्रो चॅनेलची बहुतेक पुण्याई होती. मक्तेदारीची अट मात्र नव्हती. १९९३ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनी जुन्या स्लॉटातल्या नव्या कार्डांसाठी 'प्लग अँड प्ले' हा करार प्रसिद्ध केला, आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने वाटणीचे काम स्वतःकडे घेतले. भांडण झालेच तर यादीत पिवळे उद्गारचिन्ह उमटू लागले. पण जुनी जंपरवाली कार्डे अजून घराघरांत होती, आणि ती आपला हक्क सोडावयास तयार नव्हती. नवी कार्डे समजूतदार, सांगाल तेथे जाणारी. जुनी हट्टी, आणि वर अदृश्य. त्या काळचे लोक 'प्ले'च्या जागी 'प्रे' म्हणत: लावा आणि देवाची प्रार्थना करा. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये म्हणून एक पान आले, जेथे 'हा नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवा' असे सांगता येई. दप्तरी काम संपले नव्हते. खिळ्यांवरून पडद्यावर आले होते.

दशकाच्या अखेरीस जुने स्लॉट मदरबोर्डांवरून जाऊ लागले, तेव्हा कोठे ह्या भांडणाचे मूळ उपटले गेले. त्याच सुमारास यूएसबीने आणखी एक कामगिरी केली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. तिच्या शिल्पकारांत इंटेलमधले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, हे आपल्याकडील श्रोत्यांना ऐकावयास आवडेल. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स ह्यांच्यासमक्ष विंडोज ९८ च्या यंत्राला यूएसबीने एक स्कॅनर जोडून दाखवला, आणि सर्वांदेखत पडदा निळा होऊन यंत्र कोसळले. गेट्स हसून म्हणाले त्याचा आशय असा, की म्हणूनच आम्ही हे अजून विकत नाही. पण यूएसबी टिकली. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. एका नियंत्रकाखाली १२७ पर्यंत साधने जोडता येतात आणि त्या सर्वांमिळून यंत्राची घंटा एकच लागते. कारण ही साधने स्वतः घंटा देतच नाहीत. नियंत्रक त्यांच्याकडे पाळीपाळीने जाऊन विचारतो, 'काही आहे का?' फुकट हेलपाटे म्हणून जी रीत सोडून घंटा आणली, तीच रीत एका निराळ्या गड्याच्या पायांवर परत आली. मुख्य प्रोसेसरला हेलपाटे पडत नाहीत, एवढा फरक.

पुढे तर तारच गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पीसीआयच्या नियमावलीत अशी सोय झाली, की घंटेऐवजी कार्डाने स्मृतीतल्या एका ठराविक पत्त्यावर चिठ्ठी टाकावी. तिच्या नंतरच्या रूपात एका साधनाला २,०४८ पर्यंत वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकता येतात. संपूर्ण यंत्राला आठ, तेथून एकेका साधनाला दोन हजारांवर.

तरी जुन्या पाटीचे आकडे पुसले गेलेले नाहीत. आजच्या पुष्कळ यंत्रांवर लिनक्स प्रणालीत घंटांची यादी मागवली, तर एकवर कळफलकाचा आणि आठवर घड्याळाचा नंबर दिसतो. एकचा बोका रॅटनच्या पहिल्या यंत्रापासूनचा, आठचा १९८४ च्या एटीपासूनचा. आणि जुनी यंत्रे हौसेने जपणारे लोक आजही पेटी उघडून, पत्र्याला हात लावून, ते हरभऱ्याएवढे टोपण सातवरून काढून पाचवर घालतात, आणि मग फाइलीतली ओळ बदलावयाची राहिली का ते पाहतात.